हरकतदाराची खुर्ची

आमच्या महाविद्यालयात एक खुर्ची अशी होती, की जिच्यावर तिचे हक्काचे प्राध्यापक सोडून उरलेला सारा तालुका बसून गेला. मोहफुले वेचणाऱ्या बाया बसल्या. धानगिरणीचे मालक बसले. एक सुईण बसली. एक वनरक्षक बसले; ते गणवेशात आल्यामुळे मागच्या बाकावरची दोन मुले कारण नसताना उठून बाहेर गेली आणि वनरक्षक गेल्यावरच परत आली. एका विद्यार्थ्याची आजी तर काखेत कोंबडी घेऊन बसली, कारण कोंबडी बाजारात न्यायची होती आणि नातवाचा निबंध वाटेत लागत होता.

खुर्चीचे धनी, म्हणजे आमचे लेखनकौशल्याचे सर, त्या वेळी शेवटच्या बाकावर भिंतीला पाठ लावून बसलेले असत. उंच, सडपातळ माणूस. विद्यार्थ्यांच्या बाकात ते घडी घालून ठेवल्यासारखे दिसत. शर्टाच्या खिशात पेन्सिलींचे तुकडे. लाल शाई त्यांनी कधी वापरली नाही. 'आपली दुरुस्तीसुद्धा चुकीची असू शकते, ती खोडता आली पाहिजे,' असे ते म्हणत. माझी नोकरी बरीचशी लाल शाईत गेली, हे मी इथेच नमूद करून ठेवतो.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला विद्यापीठाने लेखनकौशल्यांचा एक पेपर लावून दिला होता. त्याला काही अंतर्गत गुण होते आणि ते कसे द्यायचे, हे ज्या त्या महाविद्यालयावर सोपवले होते. बहुतेक ठिकाणी ते हजेरीवर आणि प्राध्यापकांच्या दयाबुद्धीवर दिले जातात. आमच्याकडे ते हरकतीवर दिले जात.

सरांचा नियम असा होता. निबंध कशावरही लिहा. पण ज्याच्याविषयी लिहाल, किंवा तो विषय ज्याला तुमच्याहून जवळून ठाऊक असेल, असा एक माणूस वर्गात घेऊन या. त्याला खुर्चीवर बसवा, चहा द्या आणि सगळा निबंध वाचून दाखवा. त्याने निदान एक हरकत घेतली पाहिजे. हरकत पटली तर दुरुस्ती करा, नाही पटली तर उत्तर द्या. मग गुण. हरकत आलीच नाही तर गुणही नाहीत. 'हरकत आली नाही, याचा अर्थ कोणी ऐकलं नाही,' हे त्यांचे ठरलेले वाक्य.

ही पद्धत त्यांनी कुठल्या ग्रंथातून घेतली नव्हती. उमेदीच्या काळात ते भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत होते. पावसाळ्यात नदी चढली की रस्ता तुटायचा, टपाल थांबायचे, आणि करमणुकीला एक गावसभा तेवढी उरायची. तिथे शेवटचा माणूस बोलल्याशिवाय कोणताही ठराव पुढे सरकत नसे. एकदा विहिरीच्या जागेवर साऱ्यांचे एकमत झाले, पण कोपऱ्यातली एक म्हातारी गप्प होती. सभा तिच्यासाठी खोळंबून राहिली. अखेर तिने गोंडीत सांगितले, की मला काही म्हणायचे नाही, आणि सभेने तेही तिचे म्हणणे म्हणून धरले, तेव्हा विहीर मंजूर झाली. सर म्हणत, 'त्या दिवशी मला कळलं, की मी आजवर मुलांचे निबंध एकट्यानेच मंजूर करत होतो.'

पहिल्या तासाला ते आपल्या अपेक्षा सांगत. त्यांतली पहिलीच मुलांना हादरवून टाकी. निबंधाचे पहिले वाक्य ते न वाचताच खोडत. 'ते तुमचं नसतं. गाईडचं असतं, नाहीतर शाळेतल्या बाईंचं. दुसऱ्या वाक्यापासून तुम्ही सुरू होता.' एका हुशार मुलाने मग निबंधाचा प्रारंभच असा केला: 'सर, हे वाक्य खोडण्यासाठी लिहिले आहे.' सरांनी पेन्सिल उचलली, ते वाक्य दोनदा वाचले आणि तसेच राहू दिले. त्याच्या दुसऱ्या वाक्यापासून मात्र नेहमीचा कृषिप्रधान देश सुरू होत होता. तो सगळा खोडला.

सरांची भाषाही दोन कप्प्यांत होती. शिकवताना ते नेटके, ग्रांथिक मराठी बोलत. आनंद झाला की आमच्या पूर्व विदर्भाची झाडीबोली. त्यामुळे ते कशावर खूश झाले, हे शेजारच्या वर्गातही कळत असे. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला त्याचा नमस्कार ते त्याच्याच शब्दात घालत. कुणाला जयभीम, कुणाला रामराम, कुणाला जोहार. त्यात त्यांची चूक झालेली मी पाहिली नाही. मी मात्र सर्वांना केवळ मान हलवतो. त्यात चूक होत नाही, असा माझा बरेच दिवस समज होता.

त्या वर्गात जे घडे, त्याला शिकवणे म्हणावे की नाही, यावर स्टाफरूममध्ये दुमत होते. एका मुलाने 'माझी आई' लिहिले आणि नियमाप्रमाणे आईला आणून बसवले. तो वाचू लागला: आई पहाटे सर्वांच्या आधी उठते, अंगण सारवते, देवापुढे दिवा लावते. बाईंनी चहाची बशी खाली ठेवली.

"काऊन रे, मी कवा उठतो पहाटे? पहाटे त तुया बाप उठते, बैलाईले चारा टाकाले. मले सकारची झोप भल्ली गोड लागते."

"माय, पन निबंधात असंच लिवतेत."

"मंग दुसऱ्याची माय आन."

सर शेवटच्या बाकावर इतके हसले, की बाक भिंतीपासून सुटला. मुलाला त्यांनी पूर्ण गुण दिले. निबंधाला नव्हे, दुरुस्तीला. दुरुस्त निबंधात आई उशिरा उठत होती, उठल्यावर कोणाशी अर्धा तास बोलत नव्हती, आणि त्या अर्ध्या तासात घर कसे दबकून वावरते, याचे वर्णन असे होते की आमच्या इंग्रजीच्या बाईंनी ते उतरवून घेतले.

दुसऱ्या एकाने 'वाघाचे मनोगत' लिहिले.

"हरकतदार कुठे आहे?" सरांनी विचारले.

"सर, तो येनार नाई."

"मग त्याच्या वतीनं तू कशाला बोलतोस? तुझ्या गावात कोणाची त्याच्याशी गाठ पडली असेल, त्याला आण."

मुलगा काकाला घेऊन आला. काका मोहफुले वेचायला गेलेला असताना त्याच्यापुढे वाघ उभा राहिला होता. निबंधात आता वाघाने आसमंत दणाणून सोडणारी डरकाळी फोडली होती, डोळ्यांतून अंगार बरसला होता आणि काकाने कुऱ्हाड उगारली होती. काका संकोचून ऐकत होता. कुऱ्हाडीपाशी त्याला राहवले नाही.

"कुऱ्हाड घरी होती. आन तो काई बोल्ला नाई. उभा होता. मी बी उभा होतो. तो बी भेला, मी बी भेलो. मंग तो तिकडं गेला, मी इकडं आलो."

"निबंध एवढाच," सर म्हणाले. "बाकीचं खोड."

हरकतदार नेहमी खरेच बोलत, असे मात्र नाही. एका मामांनी, भाच्याने त्यांना 'किडकिडीत' लिहिल्यावर, भर वर्गात शर्टाच्या बाह्या वर करून दंड दाखवला. सरांनी भाच्याला उत्तर देण्याची मुभा दिली. भाच्याने दंडाकडे पाहिले, मामांकडे पाहिले, आणि आपल्याला सुट्टीत याच घरी राहायचे आहे हे आठवून 'सुदृढ' असे लिहिले. सरांनी तिथे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवले.

एकदा धानकापणीच्या दिवसांत हरकतदार मिळेनासे झाले. सरांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर स्वहस्ते सूचना लावली: बी.ए. प्रथम वर्षाचे निबंध वाचनासाठी ठेवण्यात येत आहेत. कोणाची हरकत असल्यास त्यांनी शेवटच्या तासाला महाविद्यालयात समक्ष हजर राहावे. तो फलक जमीनमोजणी, रेशनकार्ड आणि वनहक्काच्या पट्ट्यांच्या सूचनांनी भरलेला असे. 'हरकत' आणि 'समक्ष हजर' हे शब्द दिसले, की आमच्याकडे माणूस पुढचेमागचे वाचत बसत नाही. कागद घेऊन निघतो. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात प्लास्टिकच्या पिशव्यांत कागदपत्रे घेतलेली माणसे दाटीने उभी होती. कोणाचा बांध शेजाऱ्याने सरकवला होता, कोणाच्या सुनेचे नाव कार्डात चढले नव्हते. वर्गात त्या वेळी एक मुलगी 'निसर्गाच्या सान्निध्यात' वाचत होती. खुर्चीवर बसलेले एक वृद्ध शेतकरी ते सबंध शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "ते समदं ठीक हाय बाई. पन यात माझी धानाची बांदी कुठी हाय?"

प्राचार्य धावत आले. "सर, हे काय चाललंय?"

"हरकती आहेत," सर म्हणाले.

त्यांनी कोणालाही परत पाठवले नाही. प्रत्येक हरकतदाराला एकेक विद्यार्थी दिला. विद्यार्थ्याने ऐकायचे, अर्ज लिहायचा, वाचून दाखवायचा. आणि हरकतदाराने आपल्याच अर्जावर हरकत घ्यायची. ती माणसे आठवडाभर येत राहिली. पुढे तहसील कार्यालयातल्या एका कारकुनाने मला भेटून तक्रार केली, की तुमच्या गावाकडचे अर्ज हल्ली इतके स्पष्ट असतात, की परत पाठवायला कारण सापडत नाही.

प्राचार्यांनी तेव्हा मला बोलावून सांगितले, "यांचं काहीतरी करा."

मी म्हणालो, "बघू."

आता या शब्दाविषयी थोडे सांगणे मला भाग आहे. मला 'नाही' म्हणता येत नाही, आणि 'हो' म्हणण्याचे बळ माझ्यापाशी नाही. या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेत 'बघू' या शब्दाचे घर बांधून मी अनेक वर्षे राहिलो. घर शांत होते. शिवाय त्या वर्षांत परीक्षा विभाग माझ्याकडे होता आणि वेळापत्रक समितीचा अध्यक्ष, सचिव व सदस्य मीच होतो. त्यामुळे या शब्दाला रोज गिऱ्हाईक होते.

माझ्या वेळापत्रकात सरांचा तास शेवटचा होता. तो चार वाजून दहा मिनिटांनी सुटे. जंगलातल्या गावांकडे जाणारी शेवटची बस मात्र चारलाच महाविद्यालयावरून जाई, आणि तिच्यानंतर त्या रस्त्याला काही नव्हते. तेव्हा त्या गावांच्या मुली सरांच्या तासाला दारालगतच्या बाकावर, दप्तर खांद्याला अडकवूनच, बाकाच्या कडेवर बसत आणि हॉर्न ऐकू आला की वाचता वाचता पळत. त्यांच्या निबंधांना त्यामुळे शेवट नसे. 'ओढ्यापलीकडचे आमचे शेत' हा निबंध ओढ्यापर्यंत यायचा. शेत वर्गाने कधी पाहिले नाही. 'माझ्या बहिणीचे लग्न' नवरदेव मांडवात शिरण्यापूर्वीच थांबले. निबंध संपूर्ण ऐकल्याशिवाय हरकत नाही, आणि हरकतीशिवाय गुण नाहीत. म्हणून त्या मुली तोच निबंध पुन्हा पुन्हा, दर वेळी अधिक घाईने वाचत; सत्रात एखादा छोटा निबंध कसाबसा पुरा झाला, की तेवढ्यावर गुण मिळत.

सर मला गाठून म्हणत, "वेळापत्रक सर, माझ्या वर्गात शेवट फक्त चारच्या बसला आहे. तास थोडा अलीकडे घेता येईल का?"

"बघू, सर."

मुली स्वतःही येऊन गेल्या होत्या. त्यांची पुढारी प्रणाली नावाची एक मुलगी होती. तिचे वडील एका खेड्यात अंगणवाडीजवळ सायकल दुरुस्तीचे दुकान चालवत, आणि मुलीने शिकावे म्हणून त्यांनी तिला बसपर्यंत रोज सोडण्याचा नेम धरला होता. ती नीट उभी राहून, तक्रार न करता बोलली. मी तिलाही तेच उत्तर दिले. त्यानंतर दोनदा ती परीक्षा विभागात आली आणि म्हणाली, "सर, एक दिवस आमच्या शेवटच्या तासाले येता का?" कशासाठी, हे मी विचारले नाही. मी काय म्हणालो असेन, ते वाचकाने ओळखले असेल.

पहिल्या सत्राच्या अखेरीला विद्यापीठाच्या पोर्टलवर अंतर्गत गुण भरायचे होते. मुदत संपण्याच्या दिवशी सकाळी मी यादी पाहिली. सरांच्या विषयात एकीखेरीज सर्वांचे गुण आले होते. ती एक प्रणाली होती. गुण भरले गेले नाहीत तर ती त्या पेपरात नापास दिसणार होती आणि तिचे वर्ष लटकणार होते. मी सरांकडे गेलो. ते व्हरांड्यात उभे राहून पेन्सिलीला टोक काढत होते.

"सर, प्रणालीचे गुण राहिलेत."

"तिचा निबंध कोणी ऐकलेला नाही."

"आज संध्याकाळी पोर्टल बंद होईल."

"ठाऊक आहे. तिचा हरकतदार येत नाही."

मला, फार क्वचित येतो तसा, राग आला. "कोण आहे हा हरकतदार? मुलीचं वर्ष जाईल! त्याला समजत नाही का?"

सरांनी पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारली. "हरकतदार तुमीच हा ना जी," ते झाडीत म्हणाले. म्हणजे ते खुशीत होते.

शेवटच्या तासाला मी गेलो. खुर्ची सरकवली तशी ती करकरली आणि मी 'सॉरी' म्हणालो. वर्ग हसला, मला त्याचे कारण त्या वेळी समजले नाही. एका मुलाने चहा आणून ठेवला. दाराजवळच्या बाकावरून प्रणाली उठली. तिने दप्तर खांद्यावरून काढले नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहिले आणि वाचायला सुरुवात केली. निबंधाचे नाव होते: 'आमचे वेळापत्रक सर'.

"आमचे वेळापत्रक सर हळू बोलतात. पहिल्या बाकाला वाटते ते दुसऱ्या बाकाशी बोलत आहेत. दुसऱ्या बाकाला वाटते ते स्वतःशी बोलत आहेत. सर चूक होण्याच्या आधीच तिची माफी मागतात. खुर्ची सरकवली तर ते खुर्चीला सॉरी म्हणतात."

मी चहाकडे पाहिले.

"सर शिपाईभाऊंना पाणी इतक्या हळू मागतात, की त्यांना ते ऐकू येत नाही, आणि सर तहानलेलेच वर्गावर जातात."

"हरकत हाय!" दारातून आवाज आला. आमचे शिपाई श्रावणभाऊ तिथे केव्हाचे उभे होते. "मले आयकू येते. मी का बयरा हाव?"

"मग पानी काऊन नाई आनत, भाऊ?" मागून एकाने विचारले.

"साहेब दुसऱ्यांदा मांगतीन म्हून थांबतो. पक्कं पाह्यजे ना? ते मांगतच नाईत."

"नोंद घे," सर मागून म्हणाले. "पण आजचे हरकतदार श्रावणभाऊ नाहीत. पुढे वाच. वेळ जातोय."

प्रणालीने पान उलटले. तिचा वेग वाढला होता.

"सर मनाने फार चांगले आहेत. त्यांनी कोणाचे वाईट केलेले आम्ही पाहिले नाही. त्यांनी कोणाचे काही केलेलेच आम्ही पाहिले नाही. आम्ही बसची अडचण घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा सर म्हणाले, 'बघू'. सर 'बघू' म्हणतात आणि नंतर ते नक्की बघतात."

ती थांबली. निबंध संपला होता. घड्याळात चारला काही मिनिटे उरली होती. दाराजवळच्या बाकावरच्या सगळ्या मुली माझ्याकडे पाहत होत्या.

"हरकतदार?" सर म्हणाले.

मला त्या निबंधात लागले ते बरेच होते. पण लागलेले सारे खरे होते, आणि खऱ्यावर हरकत कशी घ्यायची? मी घसा साफ केला. "निबंध चांगला आहे," मी म्हणालो. "माझी काही हरकत नाही."

"मग तुम्ही ऐकला नाही," सर शांतपणे म्हणाले.

"ऐकला, सर."

"हरकत नाही म्हणजे ऐकला नाही. हा नियम या वर्गात एका म्हातारीच्या काखेतल्या कोंबडीला सुद्धा लागू झालेला आहे. तुम्हाला सूट कशी देऊ?"

वळणावर हॉर्न वाजला. एरवी त्या हॉर्नला ते सबंध बाक उठत असे. त्या दिवशी एकही मुलगी उठली नाही. प्रणालीही तशीच उभी राहिली. तिला बसमध्ये असायला हवे होते आणि ती माझ्यासमोर उभी होती; तिचे वर्ष आणि तिची बस, दोन्ही माझ्या एका वाक्यासाठी खोळंबली होती, आणि मला तर सवयीने तेच एक वाक्य सुचत होते. 'बघू' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की त्या निबंधात जे एकच वाक्य मला लागले नव्हते, तेच तेवढे खोटे होते. ते गाईडातले होते. तिने ते माझ्याकरता, सभ्यपणाने घातले होते.

"हरकत आहे," मी म्हणालो.

"मोठ्यानं," शेवटचा बाक म्हणाला.

"हरकत आहे! शेवटचं वाक्य चूक आहे. मी नंतर बघत नाही."

वर्गात कोणी हसले नाही. प्रणालीने सरांकडे पाहिले. सरांनी आपल्या खिशातला खोडरबर तिच्याकडे फेकला. तिने पेन्सिलीने लिहिलेले पान बाकावर ठेवले, खोडले आणि पुन्हा वाचले, "सर 'बघू' म्हणतात."

"पुढे?" सरांनी विचारले.

"पुढं काई नाई, सर. तिथंच संपते."

"मंजूर! पळा!" सर ओरडले आणि पुढचे सगळे झाडीत बोलले, जे गलक्यात मला समजले नाही.

मुली धावल्या. आम्हीही मागोमाग फाटकापर्यंत गेलो. श्रावणभाऊ, ज्यांना सारे ऐकू येत असे, ते आधीच रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे होते आणि त्यांच्यापुढे बस घुरघुरत होती. चालकाने खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढले होते.

"रोजचाच तमाशा हाय का तुमचा? बदला ना बापा कालेजचा टाइम! कोन मास्तर बसवते असा टाइम?"

श्रावणभाऊंनी, हात न हलवता, हनुवटीने माझ्याकडे निर्देश केला.

त्या संध्याकाळी पोर्टलवर मी प्रणालीचे गुण स्वतः भरले. मग वेळापत्रक पुढ्यात घेतले. मधली सुट्टी थोडी कमी केली, सकाळची प्रार्थना थोडी अलीकडे आणली. शेवटचा तास बसच्या आधी सुटू लागला. हे करायला इतका थोडा वेळ लागला, की शेजारी ठेवलेला चहा कोमटही झाला नव्हता. त्या चहाकडे मी नंतर बराच वेळ पाहत बसलो. श्रावणभाऊ आत डोकावले. मी स्पष्ट आवाजात पाणी मागितले. ते म्हणाले, "आनतो," आणि तरीही क्षणभर थांबले. सवय त्यांचीही जुनी होती. मी दुसऱ्यांदा मागितले.

सरांनी माझे अभिनंदन वगैरे केले नाही. पुढच्या सत्रात त्यांनी स्टाफरूममध्ये उलट तक्रार मांडली, की आता निबंधांना शेवट येऊ लागले आहेत आणि ते फार लांबतात. 'बहिणीच्या लग्ना'त नवरदेव एकदाचा मांडवात शिरला आणि पंगती उठेपर्यंत बाहेर पडायला तयार नव्हता.

यथावकाश सर निवृत्त झाले आणि आपल्या मूळ गावी राहायला गेले. निरोपसमारंभात त्यांनी मानपत्र स्वीकारले नाही, कारण ते वाचून दाखवल्यावर त्यांनी हरकती विचारल्या आणि सभागृहातून एकही आली नाही. ते गाव रस्त्याच्या शेवटाला आहे. पुढे लिहिण्यासारखे काही मनात साठले, तेव्हा मी हे इथपर्यंतचे सगळे लिहून काढले आणि नियमाप्रमाणे त्यांना वाचून दाखवायला परवा गेलो.

त्यांनी स्वतः आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, ओट्यावर मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसले. हरकतदाराच्या खुर्चीवर त्यांना बसलेले मी पहिल्यांदा पाहत होतो. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, चहा आणला, तो आधी त्यांना दिला. मी ओट्याच्या कडेला बसून वाचू लागलो. पहिले वाक्य त्यांनी हात वर करून गाळायला लावले. खुर्चीवर सारा तालुका बसला हे त्यांना अतिशयोक्त वाटले. मी त्यांच्याशी वाद घातला आणि ते राहू दिले, हे वाचकांनी पाहिलेच आहे. पुढचे सगळे त्यांनी डोळे मिटून ऐकले. वाघाला ते हसले. विहिरीपाशी काही पुटपुटले. प्रणाली आता शिक्षिका आहे आणि मुलांच्या आया वर्गात आणून बसवते, हेही त्यांनीच मला मधे सांगितले.

वाचन संपले. मी कागद नीट केले.

"काही हरकत, सर?"

उरलेला चहा त्यांनी सावकाश, घोट घोट करून घेतला. उन्हे कलली होती.

"सांगा ना जी," बाई आतून म्हणाल्या. "या सरची बस जाईन. चारनंतर इथून काई नाई."

सरांनी कप खाली ठेवला, खुर्चीला पाठ टेकली आणि डोळे पुन्हा मिटून घेतले.

"बघू," ते म्हणाले.

दूर वळणावर हॉर्न वाजला. मी उठलो नाही. तेव्हा माझ्या लक्षात आले, की मघापासून मी पिशवी खांद्याला अडकवूनच ओट्याच्या कडेवर बसलो आहे.